‘डोळ्याबद्दल डोळा’ : सुडाला घातलेली मर्यादा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादा निर्घृण गुन्हा उघडकीस आला की दूरचित्रवाणीवरील चर्चेत, मोर्चातल्या फलकांवर आणि वाचकांच्या पत्रव्यवहारातही ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ हे बायबलमधील वचन हमखास उद्धृत होते. उद्धृत करणाऱ्यांचा रोख बहुतेक वेळा एकच असतो : आरोपीला न्यायालयात नेऊन वेळ दवडू नका, त्याला लोकांच्या हवाली करा. अशा मागणीचा निषेध करणारेही तेच वचन पुढे करतात आणि हा जुन्या कराराचा (बायबलच्या पूर्वार्धाचा) रानटी न्याय आहे, असे सांगून मोकळे होतात. माझ्या मते हे दोन्ही पक्ष मूळ वचनावर अन्याय करतात. मी इचलकरंजीत वकिली करतो आणि कामगारांच्या व मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवतो. माणसाचा डोळा गेला, हात गेला, तर त्याची भरपाई कशी व्हावी हा प्रश्न माझ्यासमोर रोज कागदपत्रांच्या रूपाने येत असल्यामुळे या वचनाच्या इतिहासाविषयी मला आस्था आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे. कृपया जागा द्यावी.

हे वचन जुन्या करारात तीन ठिकाणी येते : त्यातील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या एकविसाव्या, ‘लेवीय’च्या चोविसाव्या आणि ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात. तिन्ही ठिकाणी ते कायद्याच्या कलमांमध्ये येते, संतापलेल्या माणसाच्या तोंडी येत नाही. निर्गमातला प्रसंग असा आहे : दोन पुरुषांची मारामारी चालू असताना एका गरोदर स्त्रीला धक्का लागतो. तिचा गर्भ पडला पण तिला अन्य इजा झाली नाही, तर तिचा नवरा मागेल तो दंड न्यायाधीशांच्या निर्णयाप्रमाणे भरावा. मात्र अधिक इजा झाली, तर जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात, हाताबद्दल हात, पायाबद्दल पाय, अशी ती यादी जखमेपर्यंत आणि वळापर्यंत जाते. अनुवादातला प्रसंग खोट्या साक्षीदाराचा आहे. न्यायाधीशांनी बारकाईने चौकशी करावी आणि साक्ष खोटी निघाली, तर जी शिक्षा त्याने दुसऱ्यावर आणू पाहिली तीच त्याला द्यावी, असे तेथे म्हटले आहे. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या २३० व्या कलमानुसार, खोट्या साक्षीमुळे निरपराध माणूस फाशी गेला तर तशी साक्ष देणाऱ्याला मृत्युदंड होऊ शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच तरतूद १९४ व्या कलमात होती.

निर्गमातले ते वचन वाचून पुस्तक मिटणाऱ्यांनी त्याच्या पुढची दोनच वचने वाचावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मालकाने आपल्या दासाच्या किंवा दासीच्या डोळ्यावर मारून तो निकामी केला, तर त्या डोळ्यापायी त्याने तिला किंवा त्याला मुक्त करावे. दात पाडला, तर दातापायी मुक्त करावे, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे ‘डोळ्याबद्दल डोळा’ म्हटल्यानंतर श्वास घेण्याइतकाही अवकाश न सोडता, डोळ्याबद्दल डोळा न घेता त्याहून उपयोगाचे काही द्यावे, हे तोच कायदा सांगतो. मालकाचा डोळा काढून त्या दासीच्या हाती काय आले असते? तिला स्वातंत्र्य मिळावे, ही त्यामागची दृष्टी आहे. त्याच अध्यायात थोडे आधी आणखी एक कलम आहे : भांडणात एकाने दुसऱ्याला दगड किंवा बुक्की मारली, तो अंथरुणाला खिळला आणि पुढे काठी टेकत का होईना हिंडू-फिरू लागला, तर मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत उपचार करवावेत. बुडालेली मजुरी आणि औषधपाण्याचा खर्च या दोन बाबी आजही आमच्या प्रत्येक दाव्यात असतात.

मग ‘डोळ्याबद्दल डोळा’ म्हणण्याची गरज काय पडली? त्याचे उत्तर जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सापडते. लामेख नावाचा पुरुष आपल्या दोन बायकांपुढे फुशारकी मारतो, की मला जखम केली म्हणून मी एका माणसाला ठार मारले, आणि भावाचा खून करणाऱ्या काइनाबद्दल सातपट सूड घेतला जाणार असेल तर लामेखाबद्दल सत्त्याहत्तरपट घेतला जाईल. त्याच ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात याकोबाची मुलगी दीना हिच्यावर शखेम नावाचा तरुण अत्याचार करतो आणि तिचे दोन भाऊ, शिमोन व लेवी, त्या तरुणाबरोबर त्याच्या गावातले सगळे पुरुष कापून काढतात. पोलीस, तुरुंग, राजदंड यांपैकी काहीही नसलेल्या टोळ्यांच्या समाजात सुडाची रीत अशीच असते. एकाचे दहा, दहाचे शंभर, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वैर. अशा समाजाला ‘डोळ्याबद्दल डोळा’ असे सांगणे म्हणजे एका डोळ्याबद्दल एकच डोळा, जीव नव्हे, आणि गाव तर मुळीच नव्हे, असे बजावणे होते. हा सुडाला घातलेला बांध होता. आज त्याचाच उच्चार करून जमावाला चिथावणारे लोक त्या बांधाच्या बरोबर उलट बाजूला, लामेखाच्या शेजारी उभे आहेत.

हे सूत्र बायबलच्याही आधीचे आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात कोरून घेतलेला काळ्या पाषाणाचा सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा स्तंभ १९०१-०२ मध्ये इराणमधील सूसा येथे फ्रेंच उत्खननकारांना सापडला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावरील कायद्यांची संख्या अभ्यासक २८२ धरतात. त्यातले १९६ वे कलम सांगते, की एका प्रतिष्ठित नागरिकाने दुसऱ्या प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा. पण लगेच पुढे येते, की सामान्य माणसाचा डोळा फोडला तर चांदीची एक मिना (वजनाचे एक जुने माप) द्यावी आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम द्यावी. म्हणजे डोळ्याबद्दल डोळा हा फक्त बरोबरीच्या लोकांचा हक्क होता. आपल्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर, खालच्या जातीच्या माणसाने ज्या अवयवाने वरच्या जातीच्या माणसाला इजा केली तो त्याचा अवयव तोडावा, असे सांगितले आहे आणि त्याची उलट बाजू मात्र तेथे नाही. या पार्श्वभूमीवर लेवीयच्या चोविसाव्या अध्यायात, याच वचनाच्या पाठोपाठ, परदेशी असो वा स्वदेशी, तुम्हा सर्वांना एकच नियम असावा असे म्हटले आहे, याचे मोल ध्यानात येते. मी वर दासांविषयीचे कलम सांगितलेच आहे. तेव्हा जुन्या करारात गुलामगिरी नव्हती असा दावा मी करणार नाही. तरीही हम्मुराबीच्या कायद्यात घर कोसळून घरमालकाचा मुलगा दगावला तर घर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावे असे कलम होते, आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायाने मुलांच्या अपराधासाठी बापाला व बापाच्या अपराधासाठी मुलांना मारू नये असे स्पष्ट सांगितले, हा फरक लहान नाही.

येथे एक आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. हम्मुराबीच्याही तीन-साडेतीनशे वर्षे आधी, ऊर नगरीच्या ऊर-नम्मू राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात डोळा फोडल्याबद्दल अर्धी मिना चांदीचा दंड सांगितला आहे. मग आधी दंड होता आणि नंतर डोळा आला, तर त्याला प्रगती कसे म्हणावे? याचे उत्तर मला रोमच्या एका कथेत मिळते. रोमच्या द्वादश पाटांच्या कायद्यात, जो इसवी सनापूर्वी ४५१-४५० मध्ये तयार झाला, अवयव निकामी केल्यास आणि दोघांत तडजोड न झाल्यास तशीच शिक्षा सांगितली होती. पण थप्पड मारण्यासारख्या किरकोळ आगळिकीला पंचवीस ‘अस्’ नाण्यांचा दंड होता. काळाच्या ओघात त्या नाण्याची किंमत घसरत गेली. लुसियस व्हेराटियस नावाचा एक धनाढ्य मनुष्य मग रस्त्याने चालताना गंमत म्हणून भल्या माणसांच्या मुस्कटात मारी आणि मागून पैशांची थैली घेऊन येणारा त्याचा गुलाम प्रत्येकाच्या हातावर पंचवीस नाणी मोजून ठेवी. ही हकीकत औलुस गेलियस या लेखकाने नोंदवली आहे. नुसता ठरावीक दंड असला की श्रीमंताला गुन्हा परवडतो. त्याच्याही डोळ्याची किंमत गरिबाच्या डोळ्याइतकीच आहे, असे म्हणताच तो परवडेनासा होतो. आपल्या रस्त्यांवर भरधाव गाडीखाली माणसे चिरडल्यावर पैशाच्या जोरावर प्रकरण मिटवण्याची जी धडपड होते, ती पाहून लोकांना ‘डोळ्याबद्दल डोळा’ आठवतो. तो का आठवतो हे मी समजू शकतो. त्या संतापात समतेची मागणी आहे आणि ती या वचनाच्या मुळाशी खरोखरच आहे.

पण समता साधायची कशी, यावर, जुना करार मुळात ज्यांचा धर्मग्रंथ आहे त्या यहुदी धर्मपंडितांनी जो विचार केला तो वाचल्यावाचून या वचनावर बोलणे अपुरे आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच वगळले जाते. इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नात, म्हणजे तोंडी चालत आलेल्या यहुदी कायद्याच्या संकलनात, आणि त्यावरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदच्या ‘बावा कामा’ या भागात हा विषय सविस्तर आला आहे. पंडित विचारतात : एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर डोळ्याबद्दल डोळा बरोबरीचा कसा होईल? आंधळ्याने कुणाचा डोळा फोडला, हात नसलेल्याने कुणाचा हात तोडला, तर त्याचे काय घेणार? डोळा काढताना तो माणूस मेला, तर डोळ्याबद्दल डोळा आणि जीव असे दोन्ही घेतल्यासारखे होणार नाही का? एक मुद्दा तर कोणत्याही वकिलाला आवडावा असा आहे. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये, असे जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात सांगितले आहे. त्या अर्थी, जीव सोडून इतर अवयवांबद्दल द्रव्य घेता येते. रब्बी (यहुदी धर्मगुरू) एलिएझर यांचे मत अक्षरशः डोळ्याच्या बाजूने नोंदवलेले आहे, आणि पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस हा जखमीने पैसे घेण्याचे मान्य केले नाही तर तशीच इजा करावी असे सांगतो. तेव्हा या प्रश्नावर मतभेद होते हे उघड आहे. पण परंपरेने स्वीकारला तो भरपाईचाच मार्ग.

ती भरपाई पाच बाबींची आहे : अवयवाची हानी, वेदना, उपचार, बुडालेले काम आणि अप्रतिष्ठा. हानीचे मोजमाप, त्या काळाला अनुसरून, हा माणूस बाजारात गुलाम म्हणून विकला असता तर इजेपूर्वी त्याची किंमत किती आली असती आणि आता किती येईल, या फरकावरून करीत. हे वाचून अंगावर काटा येतो. पण आमच्याकडे यंत्रमागाचा धोटा उडून ज्याचा डोळा जातो त्याच्या दाव्यात काय होते? ज्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, त्याच्या पहिल्या अनुसूचीत, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास कमाईची क्षमता चाळीस टक्क्यांनी गेली असे धरले होते. त्या टक्क्याला वय आणि मजुरी लावून रक्कम काढली जाते. डोळ्यावर पट्टी असलेला माणूस बाकावर बसलेला असतो आणि आम्ही वकील त्याच्यासमोर चाळीस की तीस यावर बोलत असतो, कारण डोळ्याचा गोळा शाबूत राहून केवळ दृष्टी गेली असेल तर त्या अनुसूचीत तीस टक्के होते. मोटार अपघाताच्या दाव्यात औषधोपचार, बुडालेली कमाई, वेदना व यातना, जीवनसुखाची हानी अशा बाबी निरनिराळ्या मागाव्या लागतात. या वर्गीकरणाचे इतके जुने रूप ‘डोळ्याबद्दल डोळा’ या वचनावरील भाष्यात मिळावे, याचे मला आजही नवल वाटते.

पाचवी बाब, अप्रतिष्ठेची, तर आपल्या कायद्याला अजून नीट पेललेली नाही. मिश्नात एक प्रसंग आहे. एका पुरुषाने बाजारात एका स्त्रीच्या डोक्यावरचे वस्त्र ओढून काढले. रब्बी अकिवा यांनी त्याला तिला चारशे झूझ (चांदीची नाणी) देण्याचा हुकूम केला. त्याने मुदत मागून घेतली, ती अंगणाच्या दारात उभी असल्याचे पाहून तिच्यापुढे थोड्याशा तेलाचा बुधला फोडला, आणि तिने डोके उघडे करून ते तेल हाताने टिपून केसांना लावताच साक्षीदार पुढे केले : असल्या बाईला मी चारशे झूझ द्यायचे? अकिवांनी त्याचे काहीएक ऐकले नाही. माणसाने स्वतःची अप्रतिष्ठा स्वतः करून घेतली, म्हणून दुसऱ्याला ती करण्याचा हक्क मिळत नाही, असा त्यांचा निर्णय होता. अत्याचार झालेल्या स्त्रीच्या चारित्र्याची उलटतपासणी घेणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी हा निर्णय वाचावा. आणि त्याच प्रकरणात पुढे म्हटले आहे, की भरपाई दिली तरी ज्याला इजा केली त्याची क्षमा मागेपर्यंत अपराधी सुटत नाही.

येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात ‘डोळ्याबद्दल डोळा’ असे सांगितलेले तुम्ही ऐकले आहे, पण मी सांगतो, दुष्टाला अडवू नका, उजव्या गालावर कोणी मारले तर दुसरा पुढे करा, असे म्हटले, ते याच यहुदी जगातले बोलणे आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर ते हाताच्या पाठीने मारावे लागते. मिश्नात साध्या थपडेला दोनशे आणि उलट्या हाताच्या थपडेला चारशे झूझ भरपाई आहे, कारण त्यात अपमान अधिक. म्हणजे येशू येथे अपमानाबद्दल हक्काने मागता येणारी भरपाई स्वतःहून सोडून देण्याविषयी बोलत आहे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात आणि तो मला पटतो. पीडित व्यक्तीने स्वतःचा हक्क सोडणे वेगळे, आणि त्रयस्थांनी तिला तो सोडायला सांगणे वेगळे. इराणमध्ये २००४ साली लग्नाला नकार दिल्यामुळे अॅसिड फेकून अंध केल्या गेलेल्या आमेने बहरामी यांना न्यायालयाने अपराध्याचे डोळे तसेच घालवण्याचा अधिकार दिला होता. ३१ जुलै २०११ रोजी, शिक्षेची तयारी झालेली असताना, त्यांनी तो सोडला. तो निर्णय त्यांचा होता आणि तो दुसऱ्या कुणालाही त्यांच्या वतीने घेता आला नसता. कुराणाच्या पाचव्या सूरेतही तोरातमधील (जुन्या कराराच्या पहिल्या पाच पुस्तकांमधील) याच वचनाचा उल्लेख करून, जो ते सोडून देईल त्याच्यासाठी ते प्रायश्चित्त ठरेल, असे म्हटले आहे.

‘डोळ्याबद्दल डोळा घेत गेलो तर सारे जग आंधळे होईल’ हे वाक्य आपण सर्रास महात्मा गांधींच्या नावावर खपवतो. त्यांच्या समग्र वाङ्मयात हे वाक्य अभ्यासकांना सापडलेले नाही. त्यांचे अमेरिकन चरित्रकार लुई फिशर यांनी गांधीविचार समजावताना अशा आशयाचे लिहिले आणि पुढे ते गांधीजींच्याच तोंडी गेले. त्याच्या कितीतरी आधी, १९१४ मध्ये, कॅनडाच्या संसदेत फाशीच्या शिक्षेवरील चर्चेत जॉर्ज ग्रॅहम या सदस्याने, हा जुना नियम लावला तर या सभागृहातले फारच थोडे सदस्य आंधळे आणि बोळके व्हायचे राहतील, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. गांधीजींनी स्वतः आत्मकथेत लिहिले आहे ते असे, की डोंगरावरील प्रवचन वाचताच ते थेट हृदयाला भिडले आणि पाण्याच्या बदल्यात भोजन द्यावे, असे सांगणारा गुजराती कवी शामळ भट्ट यांचा छप्पा (एक पद्यप्रकार) त्यांना आठवला. हे खरे उद्धरण हाताशी असताना उसने वाक्य वापरण्याचे काही कारण नाही.

या वचनाला ‘यहुद्यांचा क्रूर न्याय’ म्हणण्याची जी सवय युरोपातून आपल्याकडे आली, तिच्याविषयी महाराष्ट्राने विशेष सावध असले पाहिजे. अलिबाग, पेण, नवगाव या भागात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल हे मराठी बोलणारे आपलेच लोक आहेत. मुंबईत त्यांनी १७९६ मध्ये उभारलेल्या सर्वांत जुन्या प्रार्थनामंदिराचे नाव ‘दयेचे द्वार’ असे आहे. ज्या तोरातचे वाचन तेथे होते, तिच्यातच लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सूड घेऊ नको, शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रेम कर, अशी आज्ञा आहे.

आजचा भारतीय कायदा तर खासगी सुडाला वावच ठेवत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येणार नाही, असे न्याय संहितेचे ३७ वे कलम सांगते. ज्यांना बायबलचा आधार घेऊन कडक शिक्षेची मागणी करायची आहे, त्यांनी ती अवश्य करावी. मात्र निर्गमाच्या कायद्यात न्यायाधीश आहेत आणि अनुवादाच्या कायद्यात कसून चौकशी आहे, हे वगळून ती करू नये.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती अशी, की यापुढे ‘सारे जग आंधळे’ हे वाक्य छापायचेच असेल तर ते गांधीजींच्या नावाशिवाय छापावे, आणि ‘डोळ्याबद्दल डोळा’ असा मथळा द्यायची वेळ आली तर मजकुरात कोठेतरी निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील सव्विसावे आणि सत्ताविसावे वचनही द्यावे.

आपला,
एक वकील वाचक, इचलकरंजी